नीर, क्षीर आणि नाव

दूध आणि पाणी वेगळे करण्याचे सामर्थ्य आपल्या कवींनी हंसाला बहाल केले. परंतु नगरवासीयांच्या दारी हंस कधी आला नाही. तेथे आला तो गवळी, आणि त्याच्या मागोमाग, पुष्कळ उशिरा, नगरपालिकेचा निरीक्षक. या निरीक्षकाच्या हाती विश्वसनीय साधन कसे आले, तो इतिहास मनोरंजक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क शहरात मद्याच्या भट्ट्यांना लागून गाईंचे गोठे असत. भट्टीतून उरलेला चोथा हेच त्या गाईंचे खाद्य. त्यांचे पातळ, निळसर दूध खडूसारखे पदार्थ मिसळून 'गावाकडचे शुद्ध दूध' म्हणून विकले जाई आणि त्यावर वाढणारी बालके दगावत. १८५८ साली फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र वृत्तपत्राने हा प्रकार चव्हाट्यावर मांडला. १८६२ मध्ये तेथे कायदाही झाला.

पण कायद्याला मापाचा आधार लागतो. लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगे. पाणी घातले की ती उतरते. साय काढून घेतली की ती चढते. म्हणून आधी साय काढावी आणि मग बेताने पाणी घालावे, की लॅक्टोमीटरही लबाडाच्या बाजूने साक्ष देई!

ही पळवाट १८९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी बुजवली. लांब मानेच्या बाटलीत दूध मोजून घ्यायचे, त्यात तीव्र गंधकाम्ल मिसळायचे आणि बाटली यंत्रात गरगर फिरवायची. अम्लात बाकी सारे विरघळते. स्निग्धांश तेवढा वर येऊन मानेवरील खुणांशी उभा राहतो. बॅबकॉक यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनी तशीच रीत काढली, आणि आपल्याकडील दूध संकलन केंद्रांत तीच रुळली. दुधाचा दाम स्निग्धांशावर ठरू लागताच पाणी घालण्यातला फायदा आटला आणि सचोटीच्या शेतकऱ्याला न्याय मिळाला.

स्निग्धांश पुरा असला तरी दूध निर्जंतुक असतेच असे नाही. त्यासाठी १९३० नंतरच्या दशकात फॉस्फेटेज चाचणी आली. कच्च्या दुधातील हे द्रव्य पाश्चरीकरणाच्या उष्णतेने नष्ट होते. ते सापडले, तर दूध पुरेसे तापलेले नाही किंवा त्यात मागाहून कच्चे दूध मिसळले आहे, असे समजावे.

आपल्या देशात अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. परंतु भारताची खरी मौज 'टोन्ड' दुधात आहे. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि निःस्निग्ध दुधाची भुकटी घालून ते अधिक मुखांपर्यंत पोहोचवण्याच्या या कल्पनेचे श्रेय मुंबईच्या दारा खुरोडी यांना दिले जाते. त्यात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ असावेत, असे मानक ठरले.

म्हणजे पाणी येथेही आहेच! गवळ्याने चोरून घातले तर तो अपराध. प्रमाण ठरवून, पिशवीवर नाव छापून घातले तर ती लोकसेवा. दोहोंमधील अंतर त्या छापील चार अक्षरांचे आहे, आणि त्या अक्षरांना अर्थ येतो तो प्रयोगशाळेतील बाटलीमुळे. जेथे तपासणी थंडावते तेथे शुद्धतेची ग्वाही न्यूयॉर्कच्या गाड्यांवरील रंगीत अक्षरांइतकीच पोकळ ठरते, आणि तिचे मोल पाळण्यातल्या जिवाला मोजावे लागते.