तळटीप १४ : ‘मित्र’

१४. मित्र : नरतुरंग तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा, आल्फा सेंटॉरी. रामाकोन्याहून (ता. सौंसर, जि. पांढुर्णा) तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम साडेसात अंश वर येतो, म्हणून मूळ मजकुरात मे-जूनच्या रात्रींचा उल्लेख. डोळ्यांना एक दिसला तरी हा जोडतारा आहे. १६८९ मध्ये फादर रिशो यांनी हे पुदुच्चेरीहून दुर्बिणीतून पाहिले. दोन्ही तारे परस्परांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पुरी करतात. ‘जवळ येतो आहे’ हे लेखकाचे विधान शब्दशः खरे आहे : ४.३७ प्रकाशवर्षांवरची ही जोडी सेकंदाला सुमारे २२ किलोमीटर वेगाने सूर्याजवळ येत आहे. सुमारे २७-२८ हजार वर्षांनी ती तीनेक प्रकाशवर्षांवर येईल आणि मग दूर जाऊ लागेल.