मोडीतील नाद

वाद्य म्हटले की डोळ्यांपुढे मिरजेची सतार येते आणि शिल्प म्हटले की पाथरवटाचा चिरा. परंतु टाकून दिलेल्या वस्तूला नवा घाट द्यावा आणि त्याच घाटातून नाद काढावा, अशीही एक कला आहे. तिचा उगम कलाभवनात नसून कामाच्या जागी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

काष्टीचा जनावरांचा बाजार प्रसिद्धच आहे. तेथे बैलासाठी घंटा घेणारा शेतकरी तिचे रूप पाहून थांबत नाही, वाजवूनही पाहतो. याच गावावरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. लहान स्टेशनांवर आणि खेड्यांतील शाळांवर घंटा म्हणून जो टांगलेला असे, तो बहुधा मोडीत निघालेल्या रुळाचा तुकडा. स्लीपरांना जखडलेला रूळ मुका असतो. तोच तारेने मोकळा टांगला की सर्वांगाने कंप पावतो आणि शिवारापर्यंत ऐकू जातो. रूळ झिजतो, पण त्यातला नाद झिजत नाही.

युरोपात हा विचार पुढे आला तो १९१३ साली. इटलीचा चित्रकार लुइजी रुसोलो याने यंत्रांचा गोंगाट हाही संगीताचाच माल आहे असे जाहीर केले आणि तसा आवाज काढणाऱ्या पेट्या बनविल्या. पुढे ७ नोव्हेंबर १९२२ रोजी बाकू शहरात आर्सेनी अवरामोव याने कारखान्यांचे भोंगे आणि तोफा यांचा मेळ बसविला. गिरणगावच्या कामगाराला भोंगा म्हणजे हुकूम होता. बाकूत त्या दिवशी त्याचा सूर झाला.

परंतु खरी कमाई त्रिनिदादच्या गरीब वस्त्यांची. ब्रिटिश अंमलदारांनी १८८० नंतरच्या दशकात तेथील ढोलांवर निर्बंध घातले. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, मग बिस्किटांचे डबे घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ हातोड्याने बशीसारखा खोल करावयाचा आणि त्यावर लहानमोठे भाग पाडावयाचे. लहान भागाचा सूर चढा, मोठ्याचा खालचा. ज्यांना पूर्वी गुंड म्हणून हिणविले गेले, त्यांच्यातील वादक १९५१ साली लंडनच्या राष्ट्रीय महोत्सवात वाजवून आले. १९९२ साली ते पिंप त्रिनिदादचे राष्ट्रीय वाद्य ठरले.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या बागेत ज्याँ टिंगेली याने भंगारातली चाके, जुना पियानो वगैरे जोडून एक प्रचंड यंत्रशिल्प उभे केले. ते वाजले, हलले, पेटले आणि सुमारे २७ मिनिटांत स्वतःच मोडून पडले. यंत्रयुगावरील ती टीका आम्हांस मोलाची वाटते. मात्र भंगार मोडून दाखविणे ही चैन आहे; ज्याचे पोट भंगारावर चालते, तो ते जोडूनच दाखवील.

आपल्या मुंबईत हेच घडले. धारावीत कचरावेचकांच्या मुलांनी 'धारावी रॉक्स' हे पथक उभारून प्लास्टिकची पिंपे आणि रंगाचे डबे वाजविले. २०१५ साली तेथेच 'स्नेहा' या संस्थेने कलाप्रदर्शन भरविले, त्यातही टाकाऊ वस्तूंना स्थान होते. टाळ्या पडल्या, चित्रे छापून आली. पण टाळ्यांनी चूल पेटत नाही.

म्हणून आम्ही या इतिहासाला आणखी एक पान जोडतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि वेचक स्त्रियांनी आपण कामगार आहोत असे ठणकावून सांगितले. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली.

मोडीची वस्तू व्यापारी वजनावर घेतो, कलावंत सुरावर. दोघांच्याही आधी ती उकिरड्यातून निवडणारा एक हात असतो. भंगाराच्या शिल्पाखाली त्या हाताचे नाव असावे आणि त्या हाताला कराराने दाम मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.