राजगृह : पोयबावडीच्या दोन खोल्या आणि दादरचे घर

घर बांधून पूर्ण होणे आणि त्यात राहायला जाणे ही बाब थोरांच्या चरित्रांत सहसा एका वाक्यात आटोपते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तसे होणे स्वाभाविकही आहे. १९३० ते १९३५ या पाच वर्षांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह, तीन गोलमेज परिषदा, पुणे करार आणि येवल्याची घोषणा एवढे सगळे आहे. त्याच वर्षांत या गृहस्थाने दादरच्या हिंदू कॉलनीत एक घर बांधले, हे वाचून आपण पुढे जातो. आजचा धागा त्या एका वाक्याविषयी आहे. थोडा लांबेल.

सुरुवात दादरपासून न करता बडोद्यापासून करावी लागते.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नोकरी मिळाली, राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे आत्मकथनपर टिपणांत लिहिला आहे. त्यात अपमानाचे वर्णन फारसे नाही, तपशील मात्र बारीक आहेत : ती मोठी रिकामी खोली, मिणमिणता दिवा, वटवाघळांची फडफड.

शाळेत वेगळे बसवले जाणे, पाणी नाकारले जाणे हे अनुभव त्यांना लहानपणापासून होते. बडोद्यात भर पडली ती एका निराळ्या जाणिवेची. पदवी, पगार, संस्थानिकाचा वरदहस्त, सगळे असूनही घरमालकाच्या मर्जीपुढे त्याची किंमत शून्य होती. भाड्याच्या जागेला जात विचारता येते. गावगाड्यात तर जागाच जातीने ठरलेली असे : वेशीबाहेर महारवाडा, आणि अस्पृश्याने चांगले कौलारू घर बांधले तर तो गुन्हा मानणारी गावे. या नियमांची यादीच बाबासाहेबांनी पुढे आपल्या इंग्रजी लेखनात दिली.

आता मुंबई. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सरकारने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, कामगारांसाठी चाळी बांधणे आणि उत्तरेकडे नवी उपनगरे आखणे ही त्याची कामे. मुंबईकर आजही ‘बीआयटी चाळ’ म्हणतात ती याच ट्रस्टची. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ ते १९३४ अशी तब्बल बावीस वर्षे राहिले. त्याआधी डबक चाळीतली एकच खोली होती. तिथे वडील सुभेदार रामजी मुलाला आधी झोपवीत आणि स्वतः जागे राहून पहाटे दोनला अभ्यासासाठी उठवीत. जागेची टंचाई इतकी की दोघांनी एकाच वेळी अंग टाकणे कठीण. त्या मानाने दोन खोल्या म्हणजे ऐसपैस.

या बावीस वर्षांतली बरीचशी वर्षे त्या खोल्या प्रत्यक्ष सांभाळल्या त्या रमाबाईंनी. १९१३ ते १९१७ बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनला, पुन्हा १९२० ते १९२३ लंडनला. मागे सासरची माणसे, मुले, दीर आनंदरावांचा संसार आणि अपुरा पैसा. रमाबाईंनी गोवऱ्या थापून दिवस काढल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ च्या जुलैत राजरत्न अशी चार मुले गेली. चळवळीच्या इतिहासात या चाळीचा उल्लेख येतो तो शाहू महाराज तिथे भेटायला आले होते म्हणून, किंवा ‘मूकनायक’च्या काळाची पार्श्वभूमी म्हणून. त्या दोन खोल्यांचा रोजचा इतिहास मात्र रमाबाईंचा आहे, आणि तो फार थोडा लिहिला गेला आहे.

त्या जागेतली दुसरी रहिवासी म्हणजे पुस्तके. ग्रंथसंग्रहाचा पहिला मोठा घाव बाबासाहेबांनी १९१७ सालीच सोसला होता. महायुद्ध चालू होते आणि त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज बुडवले गेले. त्यानंतर पुन्हा जमवाजमव. बॅरिस्टरीचे अशील आणि चळवळीचे लोक यांच्यासाठी परळच्या दामोदर हॉलजवळ कार्यालय होते. पण वाचन-लेखन घरीच, संसाराला लागून. वाढत्या पुस्तकांना आणि वाढत्या वर्दळीला त्या खोल्या पुरणे शक्यच नव्हते.

१९३० च्या सुमारास वकिली आणि अध्यापन यांतून परिस्थिती बरी झाली, तेव्हा त्यांनी हिंदू कॉलनीत ९९ आणि १२९ क्रमांकाचे दोन भूखंड घेतले. दादर-माटुंग्याची ही सारी आखणीही त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. ज्या संस्थेने परळला कामगारांसाठी खोल्या बांधल्या, तिनेच इकडे मध्यमवर्गासाठी सरळ रस्ते, झाडे आणि इमारतींभोवती मोकळी जागा असलेल्या वसाहती वसवल्या. पोयबावडी ते हिंदू कॉलनी हे अंतर तीन किलोमीटरही नसेल. सामाजिक अंतर केवढे होते ते वसाहतींची नावेच सांगतात : इकडे हिंदू कॉलनी, शेजारी पारशी कॉलनी, पुढे माटुंग्यात दाक्षिणात्य ब्राह्मणांची वस्ती. त्या काळच्या मुंबईत मध्यमवर्ग जातीजातीने घरे करीत होता. १९१५ साली गावदेवीला उभी राहिलेली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. अशा नकाशावर, त्यातही ‘हिंदू’ नाव धारण करणाऱ्या वसाहतीत, एका महार बॅरिस्टरने जागा भाड्याने न घेता मालकीचे घर उभारले. हे पाऊल केवळ सोयीचे होते असे मला वाटत नाही. बडोद्याची ती संध्याकाळ ज्याने भोगली, त्याला मालकीच्या दाराचा अर्थ इतरांपेक्षा अधिक नेमका कळला असणार.

१२९ क्रमांकावरचे बांधकाम १९३१ साली सुरू झाले आणि १९३३ साली पूर्ण झाले. ९९ क्रमांकावर ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत झाली. या तारखा गोलमेज परिषदांच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. पाया आणि भिंती चढत होत्या त्या काळात मालक कधी लंडनच्या बोटीवर, कधी परिषदेच्या मेजावर, सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसमोर. ज्याने घर बांधले आहे त्याला ठाऊक असते की मालक जागेवर नसला की काय होते! ते घर तरीही दोन-अडीच वर्षांत पुरे झाले. (योगायोग असा की इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला तोही १९३३ सालीच.)

घराची मांडणी मालकाचा स्वभाव सांगणारी होती : खाली कुटुंबाची राहण्याची व्यवस्था, वर ग्रंथालय आणि कार्यालय. त्या संग्रहात पुढे ५०,००० हून अधिक ग्रंथ झाले असे म्हटले जाते. आकड्यात थोडे कमी-जास्त धरले तरी त्या काळातल्या देशातील मोठ्या खासगी संग्रहांपैकी तो एक होता याविषयी दुमत नाही. घर माणसांसाठी बांधून त्यात पुस्तकांची सोय करणे ही सर्वसाधारण रीत. इथे क्रम थोडा उलटा होता.

नाव ठेवले ‘राजगृह’. मगधाची प्राचीन राजधानी, बिंबिसाराची नगरी. बुद्धाला वेळुवनाचे दान मिळाले ते तिथे, आणि त्याच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली तीही तिथेच. धर्मांतर १९५६ चे, येवल्याची घोषणा १९३५ ची. घराचे नाव त्या दोहोंच्या आधीचे. मॅट्रिक झालेल्या भीमरावाला कृष्णराव केळुसकरांनी बुद्धचरित्राची प्रत भेट दिली होती, तेव्हापासूनचा हा धागा आहे. अर्थात एका नावावरून १९३३ सालीच धर्मांतराचा निर्णय झाला होता असे अनुमान काढणे अनैतिहासिक ठरेल. एवढे मात्र म्हणता येते की पुढे महाविद्यालयांना ‘सिद्धार्थ’ आणि ‘मिलिंद’ ही नावे आली, त्या मालिकेतले पहिले नाव एका घराच्या दारावर लागले.

परळचे बिऱ्हाड दादरला हलले तेव्हा रमाबाई पस्तिशीच्या आसपास होत्या, आणि प्रकृती आधीच खालावलेली होती. भायखळ्याच्या मासळीबाजाराच्या छपराखाली, रात्री बाजार उठल्यावर, १९०६ साली त्यांचे लग्न लागले होते. तिथून दादरच्या स्वतंत्र घरापर्यंतच्या प्रवासाला जवळजवळ तीन दशके लागली. नव्या घरात त्यांना फार तर दोन वर्षे मिळाली. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. बाबासाहेब त्यानंतर कित्येक दिवस शोकात बुडून गेले होते, असे धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे. जूनमध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. चरित्रग्रंथांची पाने इथून वेगाने उलटू लागतात.

घराचे पुढचे आयुष्य थोडक्यात. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे भाषण (१९३६) आणि स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना ही या वास्तव्याच्या काळातली. १९४१ साली, कर्ज आणि ग्रंथखरेदी यांपायी, ‘चार मिनार’ विकावी लागली, राजगृह राहिले. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर मुक्काम मुख्यतः दिल्लीत. पुस्तकांचा मोठा भाग पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर पार्थिव विमानाने मुंबईला आणून त्याच घरी ठेवण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी लाखोंची अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे निघाली. तळमजल्यावर आज स्मारक आहे. चैत्यभूमीला येणारी माणसे वाट वाकडी करून तिथेही येतात.

शेवटी एक नोंद. पाकिस्तानच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ १९४० च्या अखेरीस सिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेखाली पत्ता आहे ‘राजगृह, दादर’, आणि अर्पणपत्रिका ‘रामू’च्या स्मृतीला आहे. त्या चार ओळींत त्यांनी पत्नीच्या मनाची उदारता आणि धीर आठवला, आणि कुणी मित्र नसताना, ददात आणि काळजीत दोघांनी काढलेले दिवस आठवले. ते सगळे दिवस पोयबावडीचे आहेत.