आजारपणाचे पहिले तीन दिवस

दिवाळीची साफसफाई निघाली की वडिलांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली येते. आत मोलाचे असे काही नाही. गिरणीची चार पगारपत्रके, गावच्या जमिनीचा एक जीर्ण सातबारा, तुळशीची माळ आणि कामगार राज्य विमा योजनेचे ओळखपत्र. आई ते पत्र पदराने पुसते आणि होते तसे ठेवून देते. यंदा माझ्या मुलीने ते हाती घेऊन विचारले, "बाबा, आजोबा आजारी पडले की यावर पैसे मिळायचे?"

"मिळायचे तर!" मी म्हणालो.

चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता आई म्हणाली, "मिळायचे. पण पहिल्या दोन दिवसांचे नाही हो!"

मग तिने ती हकीगत पुन्हा एकदा सांगितली. वडील साचेखात्यात होते. एका श्रावणात त्यांना ताप भरला. डॉक्टरांकडे जा म्हटले तर म्हणाले, "दोन दिवसांत उतरला तर हाती काय येणार? खाडा तेवढा पदरी!" दोन्ही दिवस अंगात स्वेटर घालून ते दुसऱ्या पाळीला गेले. तिसऱ्या दिवशी साच्यापाशीच कोसळले आणि सोबत्यांनी त्यांना घरी आणले. निघाला विषमज्वर. पाच आठवडे अंथरुणावर होते. त्या पाच आठवड्यांत विम्याच्या पैशांवर आमची चूल पेटली, हेही आई न विसरता सांगते. आम्ही सावकाराच्या दारी गेलो नाही ते त्या कार्डामुळेच. पण ताप अंगावर काढला तो मात्र त्या दोन दिवसांपायी, असे तिचे ठाम मत आहे.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही. शाळेत मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण हे दोन दिवस कोणी ठरवले, हा प्रश्न मनातून जाईना. शोधता शोधता थेट लंडनच्या पार्लमेंटात जाऊन पोहोचलो. तिथे दोन नव्हे, तीन दिवस होते!

खरे तर आरंभ जर्मनीतला. बिस्मार्कने १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. त्याला मजुरांचा कळवळा होता असे नाही. मजूर समाजवाद्यांच्या कच्छपी लागतील ही धास्ती होती. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने भरायचे, एक हिस्सा मालकाने. आजारी पडल्यावर निम्मी मजुरी मिळायची, पण पहिले तीन दिवस सोडून.

हा जर्मन संसार डोळ्यांनी पाहायला १९०८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडचा अर्थमंत्री गेला. त्याचे नाव डेव्हिड लॉइड जॉर्ज. या गृहस्थाविषयी मला थोडा पक्षपात आहे, तो आधीच कबूल करतो. त्याचा बाप माझ्यासारखाच शाळामास्तर होता. १८६४ साली, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तो गेला. तेव्हा डेव्हिड जेमतेम दीड वर्षाचा होता. आईने मुले उचलली आणि वेल्समधल्या खेड्यात भावाच्या आश्रयाला गेली. मामाचा धंदा जोडे शिवण्याचा. घरातला कर्ता माणूस आजारी पडला म्हणजे काय होते, हे या मंत्र्याला कोणत्याही अहवालात वाचावे लागले नाही.

योजना आखायला त्याने ब्रेथवेट नावाचा एक सरकारी अधिकारी जर्मनीला धाडला होता. अधिकारी माहिती घेऊन परतला तेव्हा मंत्रिमहाशय फ्रान्सच्या नीस गावी विश्रांती घेत होते. १९११ च्या जानेवारीत तिथल्या समुद्रात गेलेल्या धक्क्यावर खुर्च्या मांडून बसले आणि जर्मन विम्याची सारी कथा ऐकली. कोट्यवधी मजुरांच्या तापा-खोकल्याचा विचार चालावा कुठे, तर हवा खाण्याच्या धक्क्यावर!

४ मे १९११ रोजी लॉइड जॉर्जने कॉमन्स सभेत विधेयक मांडले. हिशेब असा : कामगाराने आठवड्याला चार पेनी द्यायच्या, मालकाने तीन, सरकारने दोन. आजारी पडलेल्या पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग आणि स्त्रीला साडेसात, सव्वीस आठवड्यांपर्यंत. शिवाय डॉक्टर आणि औषध. "चार पेनींत नऊ पेनी" ही त्याची घोषणा गावोगाव गाजली. आपल्याकडच्या जत्रेतला खेळणीवाला याहून निराळे काय ओरडतो? पण घोषणा खोटी नव्हती.

विरोध मात्र अशा दिशांनी आला की वाचताना मौज वाटते आणि मन विषण्णही होते. मोलकरणींच्या पुस्तकावर मालकिणींनी दर आठवड्याला विम्याची तिकिटे चिकटवायची होती. त्याविरुद्ध त्या नोव्हेंबरात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बड्या घरच्या बायकांनी मोठी सभा भरवली, आणि व्यासपीठावर मोलकरणींनाही आणून बसवले. आम्ही काय तिकिटे चाटत बसायचे, हा त्यांचा सवाल! डॉक्टरांची संघटना मानधनावरून अडून बसली. १९१३ उजाडेपर्यंत ते भांडण चालले.

पण खरा वाद मजूर पक्षातच पेटला. रॅम्से मॅक्डोनल्ड विधेयकाच्या बाजूने होते. केअर हार्डी, फिलिप स्नोडेन आणि जॉर्ज लॅन्सबरी विरोधात उभे राहिले. ज्याच्या मजुरीत पोटच भरत नाही त्याच्याकडून चार पेनी कापून त्यालाच औषध देणे हा कसला न्याय? पैसा श्रीमंतांवरच्या करातून काढा, असे त्यांचे म्हणणे. मॅक्डोनल्ड यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की वर्गणी भरलेला माणूस हक्काने घेतो, भिक्षा म्हणून नाही. दोन्ही बाजू मला पटतात. माझ्या वडिलांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात, तेव्हा ते कुरकुरत. पण दवाखान्याच्या खिडकीशी हेच वडील ताठ मानेने उभे असत, हेही मी पाहिले आहे. स्नोडेन बरोबर की मॅक्डोनल्ड, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता ते तीन दिवस. १६ डिसेंबर १९११ रोजी कायद्यावर राजाची मोहोर उठली. त्यात पैसे चौथ्या दिवसापासून द्यायचे ठरले होते. समर्थन दुहेरी असे. एक, बारीकसारीक पडशा-खोकल्याचे दावे तपासण्यातच निधी खर्ची पडेल. हे समजण्यासारखे आहे. दुसरे कारण मोठ्याने कमी बोलले जाई, पण मनात तेच अधिक असे : पैसे मिळतात म्हटल्यावर मजूर सोंग करील. पोट दुखते म्हणून शाळा बुडवणारी मुले मी रोज पाहतो, तेव्हा सोंग नसतेच असे मी म्हणणार नाही. पण वर्गातल्या दोन मुलांच्या सोंगासाठी पन्नास मुलांना तापात बाकावर बसवायचे का?

या संशयाची पुढे परीक्षाही झाली. १९१३ पासून पैसे वाटप सुरू झाले, आणि स्त्री कामगारांचे दावे अंदाजाहून फार अधिक आले. झाले! बायका ढोंग करतात, अशी ओरड उठली. सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यात मेरी मॅकआर्थर ही कामगार स्त्रियांची पुढारी होती. १९१४ च्या अहवालाला तिने आपले वेगळे मत जोडले. तिचे सांगणे असे की या बायका सोंग करीत नाहीत, त्या खरोखरच आजारी आहेत. अपुरी मजुरी आणि अपुरे अन्न हे त्यामागचे कारण आहे. इतकी वर्षे हे आजार अंगावर काढले जात होते. विम्याने आजार वाढवला नाही, पहिल्यांदा तो मोजला.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबई कौन्सिलात २८ जुलै १९२८ रोजी गिरणीतल्या बाळंतिणींच्या भत्त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मांडले की आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून भार मुख्यतः सरकारने सोसावा. पण बायकांच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा त्यानेही वाटा उचलावा. तो कायदा १९२९ साली झाला. त्याच वर्षी व्हिटली कमिशन नेमले गेले. अध्यक्ष व्हिटली हे कॉमन्स सभेचे माजी सभापती, आणि सभासदांत आपले ना. म. जोशी. १९३१ च्या अहवालात कमिशनने लिहिले की बहुतेक औद्योगिक गावांत दोनतृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कामगार कुटुंबे कर्जात आहेत. कामगाराच्या घरी आजार आणि सावकार एकाच दाराने शिरतात, हे परळ-लालबागच्या माणसाला अहवालावाचून ठाऊक होते.

पुढे आंबेडकर केंद्र सरकारात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्यावरून घडलेले विधेयक नोव्हेंबर १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आले, तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, गांधीजी गेले. आणि अशा दिवसांत, एप्रिल १९४८ मध्ये, राज्यघटना अजून लिहून व्हायची असताना हा कायदा मंजूर झाला. या एका गोष्टीसाठी त्या सभागृहाला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपुरात योजनेचे उद्घाटन केले. मुंबईला ती १९५४ साली आली.

लॉइड जॉर्जच्या कायद्यात डॉक्टरांची यादी असे, तिला 'पॅनेल' म्हणत. मुंबईतही खासगी डॉक्टरांना असेच यादीवर घेतले. चाळीतल्या आयाबाया "आमचे पॅनेलचे डॉक्टर" म्हणत, तो शब्द वेस्टमिन्स्टरहून लालबागेत उतरला होता. त्याच्याबरोबर तो जुना संशयही आला, एक दिवस कमी होऊन. आपल्या कायद्याने पहिले दोन दिवस वगळले. आरंभी वर्षाला ५६ दिवसांपर्यंत साधारण निम्मा पगार मिळे. पुढे ते ९१ दिवस आणि ७० टक्के झाले. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास दोन दिवस कापायचे नाहीत, अशी सवलतही नियमात होती. आणि आजाराचा भत्ता चालू असता मालकाने कामगाराला काढता कामा नये, हे ७३ वे कलम मला सर्वांत थोर वाटते.

लंडनचे तीन दिवस मात्र, कमीअधिक फरकाने, चिवटपणे टिकले. १९८३ साली आजारपणाचा पगार मालकाने द्यायचा असा नियम झाला, तरी तीन दिवस तसेच. मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि एका रात्रीत सरकारला कळले की पगार बुडेल म्हणून कामावर येणारा आजारी माणूस साऱ्या कारखान्याला आजारी पाडतो. कोविडच्या रुग्णांपुरते तीन दिवस रद्द झाले. साथ ओसरल्यावर, २०२२ च्या मार्चमध्ये, परत आले! पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कामगार हक्कांचे नवे विधेयक पार्लमेंटात आले. धंद्यावर बोजा पडेल, छोटे दुकानदार कसे तग धरतील, ही वाक्ये पुन्हा घुमली. अखेर १८ डिसेंबर २०२५ रोजी त्याचा कायदा झाला. एप्रिल २०२६ पासून आजाराच्या पहिल्याच दिवसापासून पगार, आणि फार कमी कमावणाऱ्यांनाही तो मिळणार, असे ठरले. १९११ पासून मोजले तर एकशे चौदा वर्षे लागली.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले. लॉइड जॉर्जच्या आईपाशी तेवढी थोडी थांबली; किती मुले होती तिला, असे विचारले. मग म्हणाली, "तीन दिवसांचे पैसे द्यायचे ठरले, तर तिकडचे मालक बुडाले का रे?"

मी म्हटले, "तशी बातमी अजून तरी नाही."

तिने कार्ड पेटीत ठेवले, आणि पेटी माळ्यावर चढवायला मला हाक मारली.