खडी, हजेरी आणि मुक्कामी गाडी

आटपाडीहून आमच्या वाडीला येणारा रस्ता बायकांनी केला आहे. सरकारी कागदावर त्याला क्रमांक आहे, लांबी आहे, मंजुरीची तारीख आहे. बायकांची नावं कुठं नाहीत. १९७२-७३ च्या दुष्काळात या रस्त्याची खडी फोडणाऱ्यांत माझी आई होती. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. धाकट्या भावाला सांभाळायला ती मला कामावर घेऊन जायची. पुढं मी प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त झाले आणि त्याच आईला सांभाळते आहे. रस्ता, एसटी आणि घरातल्या दुबळ्या माणसाची देखभाल या तिन्ही गोष्टी मी लहानपणापासून एकत्रच बघत आले. सरकारी कचेऱ्यांत मात्र त्यांची टेबलं वेगवेगळी आहेत.

माणदेश हा पहिल्यापासून अवर्षणाचा मुलूख. बापे मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, कुणी मुंबईला गिरणीत, कुणी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी थेट परप्रांतात. घरी राहायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. त्यामुळं दुष्काळी काम निघालं की हजेरीला उभ्या राहायच्या त्याही बायकाच. राज्यभर त्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. रेशनला अमेरिकेतून आलेला लालसर मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावर पोरांना सुकडी वाटायचे. सुकडी गोड असायची, म्हणून मला ते दिवस वाईट वाटत नव्हते. आईला कसे वाटत होते हे कळायला मला फार वर्षं लागली.

खडी फोडण्याचं काम मी जवळून बघितलंय. काळ्या दगडाचा मोठा तुकडा बायका दोन पायांच्या मध्ये धरायच्या. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, उजव्या हातात आखूड दांड्याची हातोडी. दगडाची नस बघून घाव घालायचा, नाहीतर कपच्या उडून डोळ्यात जायच्या. संध्याकाळी बूड नसलेली लाकडी पेटी जमिनीवर ठेवून तिच्यात खडी भरायची, वरून पाटीनं सारखी करायची आणि पेटी उचलून घ्यायची. शंभर घनफुटांचा एक ब्रास. पैसे ब्रासवर, त्यामुळं पेटी कशी भरली जाते याकडं सगळ्या बायकांचं लक्ष असायचं. मुकादमानं दाबून भरायला लावली की आई उठून उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी राहायची. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी उभ्या राहिल्या की पेटी सरळ भरली जायची. सरकारला जाब विचारणं मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

कामाच्या हक्काची कल्पना आमच्याच सांगली जिल्ह्यातून पुढं आली, याचा मला अभिमान आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. साठच्या दशकात त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग केला: गावातल्या ज्याला काम हवं त्याला ते मिळालंच पाहिजे, आणि त्या कामातून गावाची मालमत्ता उभी राहिली पाहिजे. १९७२ साली सरकारनं रोजगार हमी योजना जाहीर केली, पण लगेच मोठा दुष्काळ पडला आणि ती बाजूला ठेवून दुष्काळी कामं काढावी लागली. १९७४ पासून योजना पुन्हा सुरू झाली. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. कायदा झाला १९७७ मध्ये आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या पगारातून तो कर कापला गेला आणि त्याचं मला कधी जड वाटलं नाही. शहरातल्या पगारदारानं माणदेशातल्या बाईच्या मजुरीसाठी पैसे द्यायचे, इतकी सरळ बांधिलकी या राज्यानं कायद्यात लिहिली होती.

या कायद्यातली मोठी गोष्ट म्हणजे सरकारच्या अंगावर आलेली मुदत. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्त्याची रक्कम अगदी किरकोळ होती, आणि तो प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला. तरी मुदतीमुळं बाईला तहसील कचेरीत जाऊन ‘आमचा अर्ज कुठवर आला?’ असं विचारता येऊ लागलं. विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी समिती नेमली गेली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कामं तपासायची. मोर्चे निघायचे. त्यांत बायका पुढं असायच्या, कारण हजेरीपटावर त्यांचीच नावं जास्त असायची.

आता पोरांविषयी. याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. रोजगार हमीच्या नियमांत कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर, एवढ्या सोयी द्यायच्या होत्या. म्हणजे आई कामावर आली तर तिच्या मागं लेकरू आहे, त्याला कुणीतरी सांभाळलं पाहिजे आणि त्याचा खर्च सरकारी कामाचाच भाग आहे, हे पन्नास वर्षांपूर्वी या राज्यानं मान्य केलं होतं. अंगणवाडी तेव्हा नुकती येत होती. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि आमच्याकडं पोचायला तिला बराच काळ लागला. त्यामुळं कामावरचं पाळणाघर ही खेड्यातल्या आईला सरकारकडून मिळणारी जवळपास पहिलीच मदत होती.

कामावर काय असायचं? बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, आणि झोळी हलवायला माझ्यासारखी पोरगी. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुली अशाच झोळ्या हलवत राहिल्या आणि त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. मला आईनं पुढच्या जूनमध्ये शाळेत घातलं. नंतरच्या वर्षांत, मी नोकरीला लागल्यावर, शेजारच्या एका पाझर तलावाच्या कामावर मात्र मी नियम पाळलेला बघितला. तिथल्या मुकादमानं एका म्हाताऱ्या बाईला पोरं सांभाळायला बसवलं होतं आणि हजेरीपटावर तिचं नाव इतरांसारखंच लावलं होतं. पाण्याचा माठ, बारदानाची सावली, आठ-दहा पोरं आणि ती बाई. त्यासाठी कुठली नवी योजना लागली नाही. हजेरीपटावर एक ओळ वाढली आणि आठ-दहा मुली शाळेला मोकळ्या झाल्या. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात हीच गोष्ट आकड्यासकट आली: सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे कायद्यानं इतक्या स्पष्टपणे म्हटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

रस्त्यांचं मात्र एक दुखणं राहिलं. रोजगार हमीत खर्चाचा निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जायला हवा असा नियम होता. नियम चांगल्या हेतूचा होता, नाहीतर सगळा पैसा ठेकेदाराच्या यंत्रावर गेला असता. पण मोरीला सिमेंट लागतं, फरशीला लोखंड लागतं, डांबर तर विकतच आणायचं. उरलेल्या ४० टक्क्यांत ते बसायचं नाही. मग मातीकाम व्हायचं, खडी पसरली जायची, आणि ओढा आला की रस्ता थांबायचा. ‘पुढचं काम दुसऱ्या खात्याकडून होईल’ असा शेरा पडायचा. दुसरं खातं येईपर्यंत दोन पावसाळे जायचे आणि बायकांनी फोडलेली खडी ओढ्यात जायची. रोजगार हमीचे रस्ते वाहून जातात म्हणून पुष्कळ लोक त्या योजनेची टिंगल करत. मला त्याचा राग येई. खडी फोडणाऱ्या बाईनं तिचं काम चोख केलं होतं. मोरी बांधणं तिच्या हातात नव्हतं.

आणि मोरी नाही तर एसटी नाही. गाडी सुरू करण्याआधी आगाराचे लोक रस्ता बघून जायचे.

एसटीची सुरुवात १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर झाली. त्याआधी खेड्यापाड्यांत खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. उतारू भरले की सुटायच्या, नाही भरले तर उभ्या राहायच्या. १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या सरकारी गाड्याही एकाच महामंडळात आल्या. खाजगी मोटार आणि एसटी यांत खेड्यातल्या माणसाला जाणवलेला मोठा फरक वेळापत्रकाचा. गाडीत चार माणसं असली तरी ती सुटते, आणि नाही सुटली तर कुणाला विचारायचं हे माहीत असतं.

आमच्याकडं गाडी आली ती मोरी झाल्यावर, ऐंशीच्या दशकात. मुक्कामी गाडी होती. रात्री वाडीत यायची, चालक-वाहक देवळात झोपायचे, कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जायचं आणि पहाटे तीच गाडी आटपाडीला निघायची. मुक्कामी गाडीनं काय केलं हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पहाटेच्या गाडीनं दूध गेलं, आठवीच्या पुढच्या मुली गेल्या, अडलेली बाळंतीण गेली. रात्री कुणाला जास्त झालं तर गाडी वाडीतच उभी आहे याचा धीर असायचा. शेजारच्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले आणि एसटीनं प्रवास करत राहिले, म्हणून त्यांचं आमच्या भागात आजही नाव निघतं. आमदार त्याच बाकावर बसून खड्डे खात असेल तर त्याला रस्त्याबद्दल वेगळं निवेदन द्यावं लागत नाही.

आईला काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तीच हातोडीची. तिला मिरजेला न्यायचं तर मला सोबत जावंच लागतं. एसटीनं देखभाल करणाऱ्या माणसाचा विचार केलेला आहे, हे मी मुद्दाम नोंदवते. ६५ टक्क्यांहून जास्त अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसाला अर्धं तिकीट लागतं. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आलं. या सवलतींचे पैसे राज्य सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर दिले नाहीत की गाड्यांची दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे पगार रखडतात. २०२१-२२ च्या हिवाळ्यात कर्मचाऱ्यांचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा खेड्यातली म्हातारी माणसं दवाखान्याची तारीख चुकवून घरी बसून राहिली. सवलत जाहीर करणं सोपं असतं. ती गाडी रोज गावापर्यंत येण्यासाठी लागणारा पैसा वेळेवर देणं ही सरकारची खरी जबाबदारी.

घरातल्या देखभालीसाठीही कायद्यात तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे. पण त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्दही आहेत. १९७७ च्या कायद्यासारखी १५ दिवसांची मुदत तिथं नाही. मी तालुक्याच्या एका कचेरीत या भत्त्याचा अर्ज कुठं करायचा हे विचारलं तेव्हा मला दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं, तिथून तिसऱ्याकडं. कुणी उद्धट बोललं नाही. कुणाच्या कामाच्या यादीतच ते नव्हतं.

आमच्या रस्त्यावर आता डांबर आहे, पण ओढ्यावरच्या मोरीचा एक कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी खचला आणि तसाच आहे. कामाचा फलक लागला होता, त्यावर देखभालीची मुदतही लिहिली होती. पावसाळ्यात पाणी चढलं की आईला घेऊन जाणारी रिक्षा अलीकडंच थांबते. मी माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तकाची नक्कल मागितली. २००२ साली राज्यानं आणि २००५ साली केंद्रानं दिलेला हा अधिकार म्हणजे आमच्या आयांच्या पेटीशेजारी उभं राहण्याचंच पुढचं पाऊल आहे, असं मी मानते. नक्कल मिळाली. तिच्यात खोदाई, भराव, डांबराचा थर, सगळं घनमीटरमध्ये आहे. मोरीच्या दुरुस्तीची ओळ नाही.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला जा आणि दोन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. गावच्या रस्त्याची देखभाल कुणाकडं आहे आणि तिची मुदत केव्हा संपते. आणि गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती, त्यांना सांभाळणारं कोण, आणि त्यांच्यासाठीचा अर्ज कोण घेणार. उत्तराला १५ दिवसांची मुदत मागा. ती मागण्याची रीत या राज्यात जुनी आहे.