आकडा कुठून आला?

हवामानबदलाचा अभ्यास करायला येणारा विद्यार्थी बहुधा निष्कर्ष सोबत घेऊनच येतो. पृथ्वी तापते आहे आणि ती माणसामुळे तापते आहे, हे त्याने शाळेपासून ऐकलेले असते. निष्कर्ष बरोबर आहे. विद्यापीठात मात्र तो कोणी, कशावरून आणि किती खात्रीने काढला, हे पाहायचे असते. त्या हेतूने हे पुस्तक लिहिले आहे. भौतिकशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, कायदा, कुठल्याही विभागातून आलात तरी स्वागत आहे.

विषय वाटतो तितका नवा नाही. 1856 मध्ये युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापते आणि निवायलाही वेळ घेते, अशी नोंद त्यांनी केली. स्वांते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये हाताने आकडेमोड करून, हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल असे अनुमान काढले. आजच्या अंदाजाहून ते जास्त, पण दिशा योग्य होती. उणीव होती ती मोजणीची. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईतील मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे 313 रेणू होते. आज ते 420 च्या वर आहेत.

मौना लोआ तर ज्वालामुखी. मग हा वायू ज्वालामुखीचाच नसेल कशावरून? हा प्रश्न पहिल्याच तासाला ज्याला पडतो, तो विद्यार्थी मला आवडतो. उत्तर असे, की तिथून दूर दक्षिण ध्रुवावरही तशीच वाढ दिसते. शिवाय कोळसा-तेल जळायला ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीच्या वायूला तो लागत नाही. आणि हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे, हे कीलिंग यांचेच चिरंजीव राल्फ यांनी मोजून दाखवले.

मोजणी कोणी आणि कुठे केली यावर राजकारणही ठरते. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने भारतातील भातखाचरांच्या नावावर वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा आणखी एक वायू, मांडला होता. त्याचा आधार होता अमेरिका-युरोपातील खाचरांत घेतलेली मोजमापे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने 1991 मध्ये आपल्या देशातल्या भातशेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली आणि आकडा निघाला सुमारे 40 लाख टन. मिथेन तयार होतो तो सतत साचलेल्या पाण्याखाली, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात, आणि तेही सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर. आपली बरीच भातशेती पावसावर अवलंबून. पावसाने ओढ दिली की खाचराला भेगा पडतात. हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक होते, पण त्याला विचारले कोणी? त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी आणखी मूलभूत मुद्दा काढला: पोटासाठी पिकवलेल्या भाताचा मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा घालायचा? कायदा आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणात जरूर रेंगाळावे. मात्र आपल्या सोयीचा आकडाही तितक्याच संशयाने तपासावा.

मान्सूनकडे आले की सरासरी फसवू लागते. 2006 मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1951 ते 2000 या काळातील मध्य भारताच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी तपासल्या. एकूण पावसात लक्षणीय फरक दिसेना. पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या, आणि बेरजेत दोन्ही एकमेकांना झाकत होते. धरण भरायला कदाचित चालेल. शेताला नाही चालत. जागेचेही तसेच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 74. मुंबईची त्या दिवसाची सरासरी काढता येईल, पण ती कुणाच्याच घरावर पडली नाही.

हवामानाच्या संगणकीय प्रारूपांनाही सरासरीची हीच अडचण भेडसावते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचे उत्तर 1979 मध्ये ज्यूल चार्नी यांच्या समितीने दीड ते साडेचार अंश असे दिले होते. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालात ते अडीच ते चार अंशांवर आले. एवढे आकुंचन व्हायला चार दशके गेली, आणि अजून उरलेल्या अनिश्चिततेत मोठा वाटा ढगांचा आहे, कारण प्रारूप पृथ्वीची ज्या चौकोनांत विभागणी करते त्यांहून ढग लहान असतात, आणि त्यांची सरासरीच धरावी लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पृथ्वी-प्रणालीचे प्रारूप तयार झाले आहे. त्यावर काम करू इच्छिणाऱ्यांना ढगांचे प्रकरण टाळता येणार नाही. ते या पुस्तकातले सर्वांत अवघड प्रकरण आहे. गणित कच्चे असेल त्यांनी आधी परिशिष्टातील उदाहरणे सोडवावीत, आणि मग तिकडे वळावे.