ब्राउनीतला पालक आणि बिडकीनचा हिरवा चोथा

आजचा भाग माझ्या एका फसलेल्या केकपासून सुरू होतो आणि आपल्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात पोहोचतो. हेडफोन लावा, चहा घ्या. आज इतिहास आहे, पण तो स्वयंपाकघरातून जाणारा.

तर झालं असं. माझा भाचा पाच वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात सारखा दमायचा, खेळता खेळता मध्येच येऊन बसायचा. ताईने डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. औषध सुरू झालं आणि डॉक्टर म्हणाले, "हिरव्या पालेभाज्या पोटात जाऊ द्या." आता याच्या ताटात मेथीचं एक पान दिसलं तरी हा ताट सरकवतो. ताई रडकुंडीला आलेली. मग मावशीने, म्हणजे मी, शड्डू ठोकला. मोबाईलवर दहा व्हिडिओ पाहिले, औरंगपुऱ्याच्या भाजीमंडीतून पालकाची जुडी आणली, उकडली, मिक्सरमधून काढली आणि चॉकलेट ब्राउनीच्या पिठात ओतली. कोको पावडर इतकी काळी असते की हिरवा रंग कुठे गेला ते कळतच नाही. पठ्ठ्याने तीन तुकडे हाणले. मी आणि ताईने एकमेकींना टाळी दिली.

दुसऱ्यांदा करताना मात्र तो स्वयंपाकघरात आला आणि त्याला मिक्सरचं हिरवंगार भांडं दिसलं. काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याने माझ्या हातचा केक खाणं सोडलं. साधा केकसुद्धा. बिस्कीट दिलं तरी मोडून आत बघायचा. पालक तर गेलाच, वर माझ्यावरचा विश्वासही गेला.

तेव्हा प्रश्न पडला, गोडात पाला लपवून मुलांच्या पोटात घालायचा हा उद्योग आहे तरी किती जुना? शोधत गेले आणि थक्क झाले. कारण या गोष्टीचा एक मोठा अध्याय आपल्याच शहरात लिहिला गेलाय.

आधी थोडं मागे जाऊ. १७७३ साली पॅरिसमध्ये रुएल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पानांचा रस तापवून पाहिला. दूध नासल्यावर फुटतं ना, तसा तो रस फुटला आणि हिरवा गोळा वेगळा झाला. त्यात प्राण्यांच्या शरीरात असतो तसाच पदार्थ आहे, हे त्याच्या लक्षात आलं. आज आपण त्याला प्रथिन म्हणतो. पानात प्रथिन असतं, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. पुढे दीडशे वर्षं तिचं फारसं कुणी काही केलं नाही.

मग आलं दुसरं महायुद्ध. जर्मन पाणबुड्या इंग्लंडकडे येणारी धान्याची जहाजं बुडवत होत्या. तिथे एन. डब्ल्यू. पिरी नावाचे शास्त्रज्ञ होते, पुढे त्यांनी रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात आयुष्य काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गवत, पाला आपण गाईला घालतो, गाय त्यातलं थोडंच प्रथिन दुधात परत देते. मग मधली गाय वगळून पानातलं प्रथिन थेट माणसाला का देऊ नये? युद्ध संपलं तरी पिरींनी हा विषय सोडला नाही. आता त्यांच्या डोळ्यांसमोर भारतासारखे देश होते.

आणि इथे आपलं शहर येतं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. आर. एन. जोशी यांनी या पर्णप्रथिनाचं काम हाती घेतलं. ए. एम. मुंगीकर यांच्यासारख्या संशोधकांनी ते वाढवलं. कोणत्या पिकातून किती प्रथिन निघतं, वर्षभरात किती कापण्या होतात, खत किती लागतं, असा सगळा हिशोब इथल्या शेतात मांडला गेला. पानांच्या प्रथिनावर जगात जिथे जिथे काम चाललं, तिथे या विभागाचे निबंध वाचले जात.

त्या काळाचा विचार करा. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने अंगावर काढलेला. माझी आजी पैठण तालुक्यातली. ती तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ती सांगते, "रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची अमेरिकेची. आन् कामावर पोरांला सुकडी वाटायचे. पिठाची, गोड. त्यात काय हाय, ह्ये कोन इचारतंय? पोटात काही पडलं म्हणजे झालं." मी विचारलं, "आजी, पालेभाजी?" तर ती हसली. "अगं, प्यायला पानी नव्हतं, भाजी कुठली! तरोटा उगवला की तोच खुडून आनायचो."

सुकडी पोट भरायची. पण पाला नसला की डोळ्यांवर परिणाम होतो. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते कॅरोटीन हिरव्या पानात भरपूर असतं. ते मिळालं नाही तर आधी रातांधळेपणा येतो आणि फार झालं तर कायमचं अंधत्व. हा प्रश्न इतका मोठा होता की १९७० मध्ये सरकारने लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला आयसीडीएस, म्हणजे आपल्या अंगणवाड्यांची योजना आली. मुलांच्या पोटात स्वस्तात काय घालता येईल, हा तेव्हा देशापुढचा प्रश्न होता.

जोशी सरांच्या विभागाकडे एक उत्तर होतं. ते नुसतं प्रयोगशाळेत राहिलं नाही, पैठण रस्त्यावरच्या बिडकीनमध्ये गावपातळीवर पर्णप्रथिन तयार करण्याचा प्रयोग झाला. पद्धत ऐका, कारण ती एखाद्या घरगुती उद्योगासारखीच आहे. लसूणघास, म्हणजे जनावरांना घालतो तो घास, ताजा कापायचा. यंत्रात घालून चेचायचा आणि रस पिळून काढायचा. रस तापवला की तो फुटतो आणि हिरवा चोथा वर येतो. तो फडक्यातून गाळायचा, धुवायचा, वजनाखाली दाबायचा. झालं, पाल्याचं पनीर! साधारण १० किलो पाल्यातून अर्धा किलो ओला चोथा मिळतो. पिळून उरलेला पाला वाया जात नाही, तो पुन्हा जनावरांना घालता येतो. वाळवला तर या चोथ्यात निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं, शिवाय कॅरोटीन आणि लोह.

मग अडलं कुठे? रंगात आणि वासात. चोथा काळपट हिरवा, वास गवताचा. मुलांनी तोंडात घ्यायला तर हवा! आणि इथे जगभरच्या अनेक प्रयोगकर्त्यांनी तेच केलं जे मी केलं. गोडात लपवला. आपल्याकडे गुळाच्या लाडवात, कुठे बिस्किटात, कुठे सरबतात.

हे वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. चला, मी एकटी नाही. नंतर मात्र हिशोब करायला बसले. पालकात १०० ग्रॅमला साधारण पावणेतीन मिलिग्रॅम लोह असतं. माझ्या ब्राउनीत १०० ग्रॅम पालक आणि तुकडे बारा. म्हणजे एका तुकड्यात पाव मिलिग्रॅमही नाही. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतं दहा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात पालकातलं लोह शरीर फार कमी शोषून घेतं. बाकी तुकड्यात काय होतं? मैदा आणि साखर. कॅरोटीन थोडं मिळालं असेल, कारण ते तुपा-लोण्यासोबत चांगलं शोषलं जातं. पण हिमोग्लोबिन वाढवायला ती ब्राउनी निरुपयोगीच होती. मी भाच्याला फसवलं आणि स्वतःलाही. बिडकीनचा चोथा वेगळा होता. तिथे पाला आटवून घट्ट केलेला, म्हणून चमचाभरातही काम व्हायचं.

पण तो चोथाही अंगणवाड्यांमध्ये सर्रास पोहोचला नाही. का, याची कारणं व्यवहारातली आहेत. घास कापल्या कापल्या चेचावा लागतो, यंत्र लागतं, वीज लागते, इंधन लागतं. ओला चोथा टिकत नाही. सोयाबीन, शेंगदाणा पोत्यात भरून महिनोन्‌महिने ठेवता येतात. जिथे पाणी आहे तिथेच घास पिकतो, आणि जिथे पाणी आहे तिथे माणूस सरळ मेथी लावू शकतो. कल्पना मेली मात्र नाही. २००९ साली युरोपियन युनियनने लसूणघासाच्या पानांचा अर्क माणसाचं अन्न म्हणून मान्य केला. आणि बिडकीन? तिथे आता ऑरिक औद्योगिक शहराचा पट्टा आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की इथे एकेकाळी भुकेवर उपाय शोधला जात होता?

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "घासाचं सत्त्व काढलं, लई हुशारी केली. पन आमी पोरांपासून भाजी लपवली नाही कधी. हरभऱ्याचा पाला कोवळा असतानाच खुडायचा, कांदा, तिखट, मीठ, कच्चं तेल घालून घोळाणा करायचा. पोरं शेतातच खायची. खुडायला नेलं की खातात."

मग मी भाच्याकडे गेले आणि कबूल केलं. "मी तुला न सांगता पालक घातला होता. चुकलं माझं." तो म्हणाला, "मला माहितीये." आम्ही कुंडीत मेथी पेरली. ती उगवल्यावर खुडायचं काम त्याचं. पहिले धपाटे झाले तेव्हा त्याने मेथी स्वतः मोजून टाकली, सहा पानं! सहाच. पण ती त्याला दिसत होती आणि त्याने ती खाल्ली. औषध डॉक्टरांनी सांगितलं तसं चालूच आहे, ते थांबवायचं नाही. केक आम्ही अजूनही करतो, पण आता पालक घालायचा की नाही हे तो ठरवतो. मागच्या रविवारी म्हणाला, "आज हिरवाच कर, कोको नको." मी केला. दोन घास खाऊन म्हणाला, "गवतासारखा लागतो." जोशी सरांच्या विभागाला जे पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

तुमच्या घरात कुणी ७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लीये का? कुणी विद्यापीठात त्या काळात शिकलंय का? आजी-आजोबांना विचारा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि आम्हालाही कळवा. ही माणसं आहेत तोवर विचारून घ्या, मंडळी. भेटू पुढच्या भागात.